भिंतीच्या आतल्या अंगाला

ही भिंत माझी.
म्हणजे सरकारची, पण पाचव्या खांबापासून
वळणापर्यंतचा हात माझा.
वीस वर्षं झाली. बेक्किनकेऱ्यातून सायकलने यायचो,
हँडलला थापी, दोरी, ओळंबा,
तांबडी माती पायाला घोट्यापर्यंत.
परांचीवर चढलं की पलीकडचं मैदान दिसायचं.
पोरं पळायची, उस्ताद त्यांच्यावर ओरडायचा
आणि कल्लाप्पा मेस्त्री माझ्यावर :
"मष्णू, तिकडं काय बघूलालाइस? दोरी बघ."

आज गेटातून आलो.
पहिल्यांदाच. पत्रिका दाखवून.
पत्रिका हिंदीत, खिशातला उतारा कन्नडात
(कुठला कागद मागतील सांगता येत नाही),
आणि मालूचं भांडण मराठीत,
रताळ्याचा डबा आत नेऊ देईनात म्हणून.
गेटावरचा जवान शेवटी हसला.
"न्या मावशी, पण परेड संपेपर्यंत उघडू नका."

खुर्च्या मांडल्या होत्या. मी बसलो नाही.
आधी भिंतीकडे गेलो.
आतला गिलावा दुसऱ्या कुणाचा तरी. बरा आहे.
एका जागी पोपडा सुटलाय, तो नखानं काढूलालो
तर मालू म्हणाली, "इथं तरी सोडा की."

मग बँड.
मग ते आले.
दोनशे पोरं,
एकही वीट पुढं नाही, एकही मागं नाही.
मी जन्मभर दोरी बांधून जे केलं
ते यांनी बिनदोरीचं केलं होतं.

"आपला कुठला?"
मी म्हटलं, थांब. डावा खांदा बघ.

आठवीच्या सुट्टीत मीच नेला होता त्याला कामावर.
गवंड्याचं पोर, हाताला वळण लागू दे म्हणून.
बांबू सटकला.
गळ्याखालचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं.
तेव्हापासून डावा खांदा अंगुळभर खाली.
शिंपी दर दिवाळीला बोलून दाखवायचा.
मी कधी काही बोललो नाही.
ओळंबा रोज माझ्याच हातात असायचा ना.

पहिली रांग बघितली. दुसरी.
प्रत्येकाच्या कानापासून टाचेपर्यंत
डोळ्यानं ओळंबा सोडत गेलो.
सगळे खांदे एका सुतात.
वाकडा एकही नाही.
मोनेश यात नाहीच, असं वाटून
तोंडाला कोरड पडली,
आणि लोक टाळ्या वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या.

शपथ कधी झाली कळलं नाही.
रांगा मोडल्या. त्यातला एक जण
बूट आपटत सरळ आमच्याकडंच आला, थांबला.
"आप्पा."
मालूनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.
मला काय करावं सुचेना,
मी खांद्यावर हात ठेवला.
कापडाखाली हाड तसंच.
जुनी गाठ, जिथं होती तिथंच.
तो खांदा कुणी नीट केला नव्हता.
तो यानं वर धरला होता,
सगळा वेळ,
आत्ताही.

"दुखतंय?"
"सवय झाली."

डबा उघडला. चार-पाच दोस्त जमले,
कुणी सातारकडचा, कुणी हुबळीचा,
सालीसकट खाल्ली रताळी.
मला काहीतरी मोठं बोलायचं होतं.
घरातून ठरवून आलो होतो,
बसमध्ये दोनदा मनात म्हणूनही बघितलं होतं.
तोंडातून निघालं ते एवढंच :
"ती भिंत बघितलीस? पाचव्या खांबापासून..."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तिथंच उभं करतात,
शिक्षा झाली की."

"किती वेळ?"

"ऊन उतरेपर्यंत."

दोस्त हसले. तोही हसला.
मीही हसलो, पण नजर वर गेली.
दोन थर वाढवू म्हणालो होतो मी मेस्त्रीला तेव्हा.
ऐकलं नाही त्यानं.
सावली पडली असती.